गोकर्ण दरवर्षी उपटून का टाकता?

बांधावरची
गोकर्ण बहुवर्षायू आहे, हे बियांच्या पाकिटावर क्वचितच लिहिलेलं असतं. त्यामुळे बहर ओसरला, खालची पानं पिवळी पडली, वेल नुसती काटक्यांची जाळी दिसायला लागली की लोक ती मुळासकट उपटतात. पुढच्या पावसाच्या तोंडावर परत बी टोचायचं आणि परत दोन महिने रिकाम्या दोऱ्या बघत बसायचं. मुळात ही कुंपणाच्या कडेने, झुडपांवर, पडीक जागेत कोणी न लावता वाढणारी वेल. सोटमूळ खोल जातं. वरचं सगळं वाळलं तरी बुडखा जिवंत असतो आणि ओल मिळाली की पेरांवरून फुटतो.

म्हणून म्हणते, उपटू नका, कापा. जमिनीपासून वीतभर खोड ठेवा, म्हणजे १५ ते २० सेंमी. तेवढ्यात तीन-चार पेरं येतात आणि नवे फुटवे तिथूनच निघतात. जमिनीलगत साफ कापली तर फुटायला डोळेच उरत नाहीत.

आता दोन प्रश्न.
१) कुंडीतली वेल अशीच वर्षानुवर्षं टिकते, की दोन-तीन वर्षांत दमतेच?
२) 'शेंगवर्गीय आहे, लावली की शेजारच्या झाडांना फुकटात नत्र' हे वाक्य जिकडेतिकडे दिसतं. त्यात तथ्य किती?

उंटावरचा माळी
काहीतरी उपटल्याशिवाय बागकाम केल्यासारखं वाटत नाही हो. बाकी धागा वाचतोय.

शेंगाड्या
वीतभर खोडाच्या मुद्द्याला +१. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये चाऱ्यासाठी 'मिलगारा' नावाची गोकर्णीची जात लावतात, तिथेही हेच. जनावरांनी सतत बुडापर्यंत खाल्ली की वेल विरळ होत मरते, अधूनमधून चरू दिली की टिकते. फुटायचे डोळे जमिनीच्या वर असतात, गवतासारखे खाली दडलेले नसतात.

पण दोन महिने रिकाम्या दोऱ्या बघाव्या लागतात त्याला उपटणं जेवढं कारण आहे, तेवढंच बी चुकीचं पेरणंही. गोकर्णीच्या बीचं टरफल पाणीच आत घेत नाही. जुन्या वाळक्या शेंगेतल्या दहा बिया तशाच टोचल्या तर दोन-तीन उगवतात, बाकीच्या मातीत तशाच पडून राहतात आणि महिन्यांनी कधीतरी डोकं काढतात. लोकांना वाटतं बी पोचट होतं.

करायचं असं. बी हातात घेतलं की एका कडेला छोटी पांढुरकी खूण दिसते, जिथे ते शेंगेला चिकटलेलं होतं. त्या खुणेच्या विरुद्ध बाजूला नेलकटरने टरफलाचा टवका काढा. आतला फिकट गर जेमतेम दिसला की थांबा. खुणेच्या बाजूला कापलं तर अंकुरच कापला जातो. मग रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी जे बी फुगून जवळजवळ दुप्पट झालं ते पेरायचं, जे होतं तसंच कडक आहे त्याला आणखी एक टवका काढून परत भिजवायचं. खोली दीड ते दोन सेंमी. माती उबदार असेल, २५ ते ३० अंश, तर आठवड्याभरात वर येतं. थंडीत पेरलं तर कुजायची शक्यता जास्त.

सुतळी
नेलकटरऐवजी उकळतं पाणी ओतलं तर? एकदम पन्नास बिया होतात.

शेंगाड्या
होतात, पण त्यातल्या किती शिजतात ते कळत नाही. पातळ टरफलाचं बी उकळत्या पाण्यात जातं, जाड टरफलाचं तसंच राहतं. पन्नास-शंभर बिया असतील तर सँडपेपरच्या दोन तुकड्यांमध्ये बिया ठेवून मिनिटभर घासा. चकाकी गेली की पुरे.

दुपारशेंडी
शेंगाड्या, तुमची सगळी रीत बरोबर, पण ती वाळक्या बीसाठी. शेंग पूर्ण भरलेली आहे, हिरवी जाऊन पिवळट व्हायला लागली आहे, अजून तपकिरी कडकडीत झालेली नाही, अशा वेळी बी काढून लगेच पेरलं तर टवका-बिवका काही लागत नाही. टरफल पाण्याला बंद होतं ते बी शेवटी वाळताना. त्याआधी ते साध्या घेवड्यासारखं वागतं. फक्त असं बी साठवता येत नाही, बुरशी धरतं. साठवायचं तर शेंग वेलीवरच वाळू द्या आणि तडकायच्या आत काढा. तडकताना दोन्ही टरफलं पीळ खातात आणि बी चांगलं लांब उडतं.

शेंगाड्या
मान्य. हे वर लिहायला हवं होतं.

मूळवेडा
रोपं करणाऱ्यांसाठी: सोटमूळ दुखावलं की वेल आठवडा-दोन आठवडे रुसते. शक्यतो बी कायमच्या जागीच टोचा. रोप करायचंच असेल तर कागदी कपात किंवा खोल पिशवीत करा, उथळ ट्रेमध्ये नको, आणि चार-पाच पानांवर असतानाच कपासकट जमिनीत द्या. दीड-दोन फुटांची, आधाराला गुंडाळलेली वेल हलवू नका.

अजून एक. गोकर्णीला काकडीसारखे तणावे नसतात, खोड स्वतः पीळ घालत चढतं. भिंतीला ती चिकटणार नाही आणि जाड खांबाला तिची मिठी पुरत नाही. सुतळी, तार, जाळी, फार तर अंगठ्याएवढ्या जाडीची काठी.

हिशेबनीस
दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण 'फुकटात नत्र' वाचलं की माझी लेखणी शिवशिवते.

मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतलं नत्र पकडतात, इथपर्यंत खरं. पण ते नत्र ते वेलीला देतात, तुमच्या टोमॅटोला नाही. बदल्यात वेल त्यांना साखर देते. हा दोघांचा आपसातला व्यवहार आहे. वेल जिवंत, हिरवीगार असताना मुळांतून बाहेर झिरपणारं नत्र अगदी थोडं. शेजाऱ्याला ते मिळतं ते वेलीचा कुठला तरी भाग मेल्यावर: पानं गळून कुजली, छाटणीनंतर मुळांचे काही धागे आणि गाठी झडल्या, तेव्हा.

आता आकडे. गोकर्णीच्या वाळक्या पाल्यात साधारण २० टक्के प्रथिनं धरा. प्रथिनांना ६.२५ ने भागलं की नत्र, म्हणजे ३.२ टक्के. ओल्या पाल्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच. तेव्हा १ किलो ओला पाला म्हणजे २०० ते २५० ग्रॅम कोरडा, त्यात नत्र ६ ते ८ ग्रॅम. युरियात ४६ टक्के नत्र असतं, त्या मापाने हे १५ ग्रॅम युरियाच्या आसपास. तेही सगळं हवेतून आलेलं नाही, काही मातीतूनच उचललेलं. आणि ते एकदम नाही, कुजेल तसतसं मिळणार.

म्हणजे थाप नाही, पण ते मिळवायला कात्री चालवावी लागते. पाला कापून तिथेच पसरा, वरून बोटभर माती किंवा पाचोळा टाका. उघडा वाळू दिला तर त्यातलं थोडं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. आणि छाटलेला पाला पोत्यात भरून कचऱ्यात दिलात तर तुमच्या बागेतलं नत्र तुम्ही स्वतःच बाहेर पाठवलंत.

उंटावरचा माळी
१५ ग्रॅम युरियासाठी एवढा हिशेब! जिवाणूंना पगारवाढ मागायचा हक्क आहे.

खतांची राणी
हिशेबनीस, गणित पटलं. पण एक बाजू राहिली. कोकोपीट आणि गांडूळखताच्या ताज्या मिश्रणात योग्य जिवाणू असतीलच असं नाही. मग गाठी येतच नाहीत आणि वेल इतर कुठल्याही झाडासारखी खतावर जगते. वर दर पंधरा दिवसांनी युरियाचं पाणी दिलं की तयार नत्र हाताशी असताना वेल गाठी कशाला पोसेल?

उपाय सोपा आहे. जुन्या गोकर्णीच्या किंवा चवळीच्या मुळांजवळची ओंजळभर माती आणून बी पेरायच्या खड्ड्यात टाका. गोकर्णीला चवळीच्या गटातले जिवाणू चालतात. माती उन्हात वाळलेली नको, ओलसर हवी, आणि ज्या झाडाला मूळकुज किंवा सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत) आहेत तिथली तर नकोच.

सुतळी
गाठी आहेत की सूत्रकृमी हे ओळखायचं कसं? दोन्ही गाठीच ना?

मूळवेडा
बोटाने ओळखायचं. वेलीच्या बुडापासून वीतभर लांब, हळूच माती उकरून एक बारीक मूळ वर काढा आणि पाण्यात धुवा. नत्राची गाठ मुळाच्या बाजूला मण्यासारखी चिकटलेली असते, नखाने ढकलली की टपकन सुटते आणि मूळ मागे तसंच राहतं. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं. ती सुटत नाही, ओढलं तर मूळ तुटतं.

सुटलेली गाठ ब्लेडने मधोमध कापा. आत गुलाबी-लालसर असेल तर काम चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातकुळीच्या एका प्रथिनाचा. पांढरी असेल तर अजून सुरुवात नाही किंवा तिथे बसलेले जिवाणू बिनकामाचे. हिरवट-तपकिरी आणि मऊ असेल तर तिचं आयुष्य संपलं. फुलं-शेंगा भरात असताना किंवा छाटणीनंतर लगेच बघितलं तर बऱ्याच गाठी मेलेल्या दिसतात, त्याने घाबरू नका. आणि सततच्या चिखलात गाठी गुदमरतात, त्यांनाही हवा लागते.

दुपारशेंडी
रक्तवाली वेल म्हणायची की ही! हे माहीत नव्हतं.

नवखा_नांगर
माफ करा, मध्येच विचारतो. वेल आठ फूट गेली आहे, पानं काळीभोर हिरवी, फूल एकही नाही. तीन महिने झाले. गांडूळखत दर आठवड्याला घालतो.

कुंडीनरेश
निदान तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे.

खतांची राणी
कुंडीनरेश, नीट सांगा की त्यांना. नवखा_नांगर, खत पूर्ण थांबवा, निदान दीड महिना. नत्र जास्त झालं की वेल पानांच्याच मागे लागते. ऊन मोजा: सलग सहा तास थेट ऊन हवं. चार तासांवर वेल जगते, फुलत मात्र नाही. ऊन कमी पडत असेल तर पेरांमधलं अंतर लांबलचक दिसेल. मग शेंडे खुडा. गोकर्णीचं फूल नव्या फुटव्याच्या पानाच्या बेचक्यात येतं, एकटं किंवा जोडीने. आठ फुटांची एकच दोरी म्हणजे फुलायच्या जागा कमी. प्रत्येक फांदीचा शेंडा वरून दोन पेरं सोडून खुडला की खालून दोन-तीन फुटवे निघतात. रोपटं हातभर झालं की पहिल्यांदा शेंडा मारायचा तो याचसाठी.

बी पेरल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पहिलं फूल यायला हवं. तीन महिने म्हणजे काहीतरी नक्की चुकतंय.

शेंगाड्या
आणि फुलं सुरू झाली की शेंगा धरू देऊ नका. शेंगेत आठ-दहा बिया असतात आणि त्या भरायला लागल्या की नवीन कळ्यांची संख्या उतरते. बियांसाठी दोन-चार शेंगा राखा, बाकी कोवळ्या असतानाच खुडा. वर हिशेबनीसांनी मांडलेलं नत्रही शेवटी बियांतच जाऊन बसतं.

पानपिसाट
पिवळ्या पानांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. खालची जुनी पानं पिवळी पडून गळतायत आणि शेंडा ठीक आहे: वय झालं, किंवा पाणी जास्त, किंवा गाठी नाहीत आणि नत्र कमी. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या: लोह उचललं जात नाही, बहुतेक माती फार चुनखडीची किंवा पाणी क्षारयुक्त. दोन्हींवर एकच औषध म्हणून शेणखत घालणारे बरेच. पहिल्यात त्याने थोडा फायदा होईल, दुसऱ्यात काही होणार नाही.

उंटावरचा माळी
अवांतर: हिचं शास्त्रीय नाव उच्चारून दाखवा बरं चारचौघांत.

रसायन_मास्तर
उंटावरचे, तुम्ही तिथेच जाणार हे माहीत होतं. लिनियसने १७५३ साली नाव दिलं, क्लिटोरिया टर्नेटिया. दुसरा शब्द इंडोनेशियातल्या तेर्नाते बेटावरून. पहिल्या शब्दावरून पुढच्या शतकातल्या काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी नाकं मुरडली, बदला म्हणाले. नाव राहिलं. आपल्याकडे त्याच फुलात गायीचा कान दिसला, तेवढ्यावर समाधान माना.

फुलाची रचना मात्र बघण्यासारखी आहे. वाटाण्याच्या फुलात सर्वांत मोठी पाकळी वर उभी असते. गोकर्णीचं फूल देठात फिरून उलटं होतं आणि तीच पाकळी खाली पायघडीसारखी पसरते. मधमाशी तिच्यावर उतरून आत शिरते तेव्हा पराग तिच्या पोटाला नव्हे, पाठीला लागतात.

दुपारशेंडी
याला जोडून: परागकोश कळी उमलण्याआधीच फुटतात, त्यामुळे बी बहुतेक स्वपरागित. निळी आणि पांढरी शेजारी लावली तरी बऱ्याच बिया आपल्या रंगाच्या निघतात, पण सगळ्या नाही. पांढरा रंग अप्रभावी आहे, म्हणजे निळ्याशी संकर झाला की तो दबतो. त्यामुळे पांढरीच्या बीतून निळी उगवली तर समजायचं की मधमाशी येऊन गेली. रंगाची खात्रीच हवी असेल तर बी नको, काडी लावा. दुहेरी पाकळ्यांच्या प्रकारालाही तेच.

सुतळी
काडीने येते? कुठेच वाचलं नाही.

दुपारशेंडी
येते. फार कोवळी नको, फार जून नको. पेन्सिलीपेक्षा बारीक, १० ते १२ सेंमी, तीन पेरांची. खालचं पेर मातीत, त्याची पानं काढलेली. वरच्या पानांतल्या अर्ध्या पर्णिका कापून टाका, म्हणजे पाणी कमी उडेल. अर्धी वाळू, अर्धं कोकोपीट, वरून प्लॅस्टिकची पिशवी, सावली. तीन ते चार आठवडे. दहातल्या पाच-सहा लागल्या तरी चांगलं. काडीच्या वेलीला सोटमूळ नसतं, ती लवकर सुकते, पाण्याची पाळी चुकवू नका.

चिखल्या
लागवड-लागवड करत पानं भरली, उपयोगाचं बोला. निळा चहा!

रसायन_मास्तर
हो. फूल उमललं त्याच दिवशी सकाळी खुडायचं. दुसऱ्या दिवशी ते मिटून सुरकुततं. देठाकडचा हिरवा भाग काढून टाका, पाण्याला गवताचा वास येतो तो त्याच्यामुळे. एक कप म्हणजे २०० मिली पाण्याला ताजी आठ-दहा फुलं किंवा वाळलेली पाच-सहा. पाणी उकळून दोन मिनिटं थांबा, मग फुलांवर ओता, पाच मिनिटं झाका. खळखळ उकळू नका, रंग मळतो. चव म्हणाल तर जवळजवळ नाहीच, किंचित मातकट. हा रंग पिण्याचा प्रकार आहे.

सामू, म्हणजे पीएच, बदलला की रंग बदलतो. साध्या पाण्यात निळा. लिंबाचे दोन थेंब पडले की जांभळा, आणखी पिळलं की गुलाबी. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर हिरवट, आणि फारच अल्कधर्मी केलं तर पिवळा होऊन रंगद्रव्य मोडतं, मग लिंबू पिळूनही निळा परत येत नाही. रंगद्रव्यं अँथोसायनिन कुळातली, त्यांना टर्नॅटिन म्हणतात. इतर फुलांचा निळा साध्या पाण्यात लगेच फिका पडतो, हा टिकतो, कारण या रेणूला जोडलेल्या लांब बाजूच्या साखळ्या मधल्या रंगीत भागावर दुमडून बसतात आणि पाण्याला तिथे पोचू देत नाहीत.

वाळवणं: सावलीत, एका थरात, वारा खेळता. कुरकुरीत व्हायला दोन-तीन दिवस. दमट हवेत चार-पाच दिवस लागले तर फुलं तपकिरी पडतात, कारण ओली असेपर्यंत फुलातली विकरं रंग खात राहतात. तेव्हा ४५ ते ५० अंशांवर यंत्रात पाच-सहा तास बरे. १० ग्रॅम ताज्या फुलांचा जेमतेम १ ग्रॅम माल होतो. गडद, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

चिखल्या
कापड रंगतं का?

रसायन_मास्तर
रंगतं, आणि उन्हात व धुण्यात उतरतं. तुरटी लावूनही फार टिकत नाही. मुलांना सामूची गंमत दाखवायला कागद बुडवून वाळवा, लिटमससारखा चालतो.

पांढऱ्या फुलातून यातलं काही मिळत नाही, तरी दर वर्षी कोणीतरी विचारतं, म्हणून आधीच सांगितलं.

पानपिसाट
फुलांच्या उत्साहात एक सांगून ठेवते. बी आणि मूळ खाऊ नका. दोन्ही रेचक आहेत, बी जास्त पोटात गेलं तर जुलाब-उलट्या. फुलांबाबतही सरसकट 'नैसर्गिक, म्हणजे निर्धोक' असं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये फुलांच्या अर्काला खाद्यरंग म्हणून परवानगी दिली, तर युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये वाळलेल्या फुलांवर सुरक्षिततेचे आक्षेप घेतले. आक्षेपात सायक्लोटाइड नावाची छोटी गोलाकार प्रथिनं होती, ती या वेलीत असतात. अधूनमधून एखादा कप वेगळा, रोज जगभर प्यायचा वेगळा. गरोदरपणात टाळावा.

नावाचा घोळही लक्षात ठेवा. 'शंखपुष्पी' म्हणून काही ठिकाणी गोकर्ण दिली जाते, काही ठिकाणी जमिनीलगत पसरणारी, शेंगवर्गाशी काही संबंध नसलेली दुसरीच वनस्पती. औषध म्हणून घ्यायचं तर जाणकाराला विचारून.

सुतळी
'रोज जगभर'? की घागरभर?

पानपिसाट
घागरभर. बोटाचा दोष. :)

उंटावरचा माळी
याच वर्गातली गुंजसुद्धा कुंपणावर छान दिसते म्हणे. लाल-काळ्या बिया...

पानपिसाट
छान दिसते आणि बी चावलं गेलं तर जीव घेऊ शकते. अख्खं बी कडक टरफलामुळे कधीकधी तसंच बाहेर पडतं, पण भोक पाडलेलं किंवा चावलेलं बी म्हणजे थेट विष. लहान मुलं असलेल्या घरात गुंज नको. यावर थट्टा नको.

उंटावरचा माळी
ऐकलं. मागे घेतो.

चिखल्या
सायक्लोटाइडवरून आठवलं. ऑस्ट्रेलियात गोकर्णीच्या अर्कापासून कपाशीच्या किडींसाठी फवारणीचं औषध तयार केलं गेलं आहे. मग गोकर्णीलाच पिठ्या ढेकूण कसा लागतो, हे कोणी सांगेल का?

मूळवेडा
अर्क काढून, गाढा करून फवारणं वेगळं आणि पानात थोडंसं असणं वेगळं. वैद्यालाही सर्दी होतेच.

पिठ्या ढेकूण आधी खोडाच्या बेचक्यात आणि पानाखालच्या शिरेवर कापसाच्या ठिपक्यासारखा दिसतो. मुंग्या वर-खाली करताना दिसल्या की तपासा, त्या त्याची राखण करतात. थोडा असेल तर जुन्या ब्रशने पुसून काढा. जास्त असेल तर १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि आधी त्यात फेटलेला २ मिली पातळ साबण, संध्याकाळी, पानांच्या खालून. सात दिवसांनी परत, कारण अंड्यांवर या फवाऱ्याचा उपयोग होत नाही. चहासाठी फुलं खुडत असाल तर फवारणीनंतर आठवडाभर फुलं नकोत. कोरड्या गरमीत पानं धुरकट, ठिपकेदार दिसली तर लाल कोळी: रोज सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, चार-पाच दिवस. त्यावर औषध शोधत बसू नका.

हिशेबनीस
सगळ्यांनी टिकवायचं सांगितलं, आवरायचं कोणी सांगितलं नाही. उडालेलं कडक बी मातीत वर्षानुवर्षं तग धरतं आणि दर पावसात थोडं-थोडं उगवतं. म्हणूनच काही प्रदेशांत ही वेल तणांच्या यादीत आहे. शेजारी नाजूक झुडूप असेल तर त्यावर चढून त्याचं ऊन अडवते. नैसर्गिक रानाला लागून बाग असेल तर शेंगा वाळू देऊ नका, विषय संपला.

बांधावरची
माझा दुसरा प्रश्न हिशेबनीस आणि खतांच्या राणीने निकालात काढला. पहिला अजून हवेत आहे. कुंडी?

कुंडीनरेश
बोलतो. मघाशी एका ओळीत आटपल्याबद्दल ओरडा बसला, आता भरपाई.

कुंडीत वेल दमते त्याचं कारण वय नसतं. सोटमूळ तळाला जाऊन आपटतं, वळतं, गोल फिरत राहतं. दोन वर्षांत कुंडीत माती कमी आणि मुळं जास्त. पाणी घातलं की कडेने सरळ खाली निघून जातं, मधला गोळा कोरडाच. वरून पांढरे क्षार साचतात. वेल दुपारी मलूल दिसते म्हणून आपण अजून पाणी घालतो, तळ सडतो. ही साखळी तोडली की कुंडीतली वेलही टिकते. जमिनीतल्या वेलीएवढा जोर मात्र तिला कधीच येत नाही.

कुंडी निदान १२ इंच खोल, १५ ते २० लिटरची, एका कुंडीत एकच वेल. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू. नुसतं कोकोपीट नको, एकदा पूर्ण वाळलं की ते पाणी धरायला तयार होत नाही. दर वर्षी बांधावरची म्हणतात तशी वीतभरावर छाटणी, नवा फुटवा दिसायला लागण्याच्या सुमाराला, कडाक्याच्या थंडीत नाही. छाटणीबरोबर वरची ५ सेंमी माती खरवडून नवी. महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढा.

दोन वर्षांनी, छाटणी झाल्याच दिवशी, गोळा बाहेर काढा. बाजूची गोल फिरलेली मुळं धारदार सुरीने दोन बोटं आत कापा, तळाची चकती कापा, नव्या मातीत बसवा. दोन आठवडे सावलीत.

मूळवेडा
इथे माझा विरोध. सोटमूळ रुसतं म्हणून मी वर रोप हलवू नका म्हटलं आणि तुम्ही थेट तळ कापायला सांगताय?

कुंडीनरेश
तुमचं रोप पानांसकट हलवलं जातं, मूळ दुखावतं आणि वर पाणी मागणारी पानं तेवढीच राहतात. इथे वर फक्त वीतभर काटक्या. शिवाय कुंडीतलं सोटमूळ तळाला आपटलं त्या दिवसापासून ते सोटमूळ राहिलेलंच नसतं. तरीही चार वेलींत एखादी जाते, हे कबूल. म्हणून त्याच छाटणीतल्या दोन-तीन काड्या दुपारशेंडींच्या पद्धतीने लावून ठेवा. म्हातारी गेली तरी रंग तोच राहील.

मूळवेडा
छाटलेल्या वेलीपुरतं मान्य. पानांसकट असेल तर नाही.

नवखा_नांगर
खत थांबवलं, शेंडे खुडले. एकच शंका. माझी कुंडी आठ इंचांची आहे आणि तीत तीन वेली आहेत.

कुंडीनरेश
आधी हे सांगायचं ना! मोठी कुंडी आणा. तीनपैकी सर्वांत जाड बुंध्याची एक ठेवा. बाकीच्या दोन उपटायच्या नाहीत, मुळं एकमेकांत गुंतली असतील. मातीलगत कात्रीने कापा, परत फुटल्या तर परत कापा.

उंटावरचा माळी
जमिनीलगत कापली की फुटत नाही, हे पहिल्याच पोस्टमधलं ज्ञान शेवटी कामाला आलं.

बांधावरची
:) आणि कापलेला पाला त्याच कुंडीत, मातीखाली.